आठ किलोमीटर अलीकडे

हातकणंगल्याच्या फलाटावर संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघणाऱ्यांकडे नीट पाहिलं, तर कोण कुठून आलाय हे विचारावं लागत नाही. भुवयांत, कानामागे, सदऱ्याच्या खांद्यावरच्या शिवणीत पांढरी रुई अडकलेली असेल तर तो इचलकरंजीच्या मागावरचा. नखांच्या कडांना आणि पँटच्या मोहरीत काळं बसलं असेल तर फाउंड्रीतला. हे काळं साध्या धुळीचं नसतं. साच्याच्या वाळूत बेंटोनाइटची माती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते. वाळूचे कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून माती, आणि ओतलेलं लोखंड वाळूला चिकटू नये म्हणून पूड. तीच माती घामेजल्या कातडीलाही धरून राहते, एका साबणात निघत नाही. रुई झटकली की उडते. छातीत गेलेली मात्र झटकता येत नाही.

पाटीवर नाव हातकणंगले, तालुक्याचं गाव. पण इथे उतरणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना जायचं असतं इचलकरंजीला, आणि इचलकरंजी रुळांपासून आठेक किलोमीटर दक्षिणेला. २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या वर वस्ती, २०२२ साली महानगरपालिका, घराघरातून मागांचा खडखडाट, आणि गावात रेल्वे स्टेशन नाही. हातकणंगले-इचलकरंजी लाईनची मागणी जुनी आहे. ती निवडणुकीच्या तोंडावर वर येते आणि नंतर खाली बसते.

‘रेल्वेने इचलकरंजीला डावललं’ असं इकडे सर्रास म्हणतात. तारखा लावून बघितल्या तर ते तितकंसं खरं नाही. कोल्हापूर-मिरज ही लाईन कोल्हापूर संस्थानाने बांधून घेतली. १८८८ साली शाहू महाराजांच्या हातून कामाचा मुहूर्त झाला आणि १८९१ साली गाडी धावू लागली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी आणला तो १९०४ मध्ये. म्हणजे रूळ पडले तेव्हा डावलायला तिथे यंत्रमागच नव्हता. त्या काळचा मोठा माल कुठला, ते कोल्हापूरहून निघाल्यावर लागणाऱ्या पहिल्या स्टेशनाचं नावच सांगतं: गूळ मार्केट. गुळाच्या व्यापारासाठी महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली ती १८९५ साली, गाडी सुरू झाल्यावर चार वर्षांनी. लाईन गुळाची, आणि तिच्यावर वेळ गाठायची धडपड लोखंडवाल्यांची आणि कापडवाल्यांची. इथल्या निम्म्या अडचणींचं मूळ यातच आहे.

पुढचं स्टेशन वळिवडे. त्याचं नशीब आणखी वेगळं. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून १९४८ पर्यंत इथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ती गेली आणि त्याच जागेवर फाळणीनंतर आलेले सिंधी वसले. ते आजचं गांधीनगर, कापडाची घाऊक पेठ. पाच-सहा वर्षांत एका स्टेशनाची सगळी गिऱ्हाइकं भाषेसकट बदलली. असो. आपल्याला पुढे जायचंय.

कारखाने रुळांच्या कडेला न येता रस्त्याच्या कडेला का आले, याचं उत्तर मालगाडीच्या लांबीत आहे. रेल्वेला माल हवा असतो रेकने. बंद वाघिणींचा एक रेक म्हणजे ४२ वाघिणी, एकेकीत साठेक टन, एकूण अडीच हजार टनांच्या वर. साखर कारखाना, खताची कंपनी, सिमेंटवाले यांना हे जमतं. शिरोलीतल्या मध्यम फाउंड्रीला आठवड्याला दोन-चार ट्रक कास्टिंग पाठवायचं असतं, तेही चाकणच्या गिऱ्हाइकाला सकाळी आठच्या आत दारात हवं. संध्याकाळी भरलेला ट्रक रात्रीतून पोचतो. रेकमध्ये हे बसत नाही. इचलकरंजीत तर सूत दक्षिणेकडून ट्रकने येतं आणि कोरं कापड प्रोसेसिंगला ट्रकनेच जातं. म्हणून शिरोली आणि गोकुळ शिरगाव या वसाहती पुणे-बंगळूर हायवेला लागून वसल्या. नवख्या माणसासाठी एक सूचना: कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत या नावात हातकणंगले असलं, तरी या स्टेशनात उतरून तिकडे जायच्या फंदात पडू नये. ती दोन तालुक्यांच्या शिवेवर, कागलच्या अंगाला आहे.

या सगळ्यात स्टेशनापासून पायी जाण्याजोगं औद्योगिक ठिकाण एकच, कोल्हापूरचं उद्यमनगर. टर्मिनसवर उतरायचं, परीख पुलाखालून राजारामपुरीत शिरायचं आणि चालायला लागायचं. वीस-पंचवीस मिनिटं. पावसाळ्यात मात्र परीख पुलाखाली पाणी साठलं की हाच रस्ता लांबून वळसा घ्यायला लावतो. बाकीच्यांचा माल रस्त्याने गेला आणि माणसं तेवढी रेल्वेला उरली.

आता ही माणसं वेळेवर का पोचत नाहीत ते बघू. ‘गाडी लेट असते’ एवढ्यावर हा विषय संपतो, पण लेट कशी होते हे कुणी सांगत नाही.

कोल्हापूर-मिरज मार्ग सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटरचा आणि एकेरी. १९७१ साली मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं, आता डोक्यावर विजेची तारही आली, पण रुळांची जोडी एकच राहिली. एकेरी मार्गाचा नियम साधा आहे: दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी. हातकणंगल्याच्या स्टेशनमास्तरला गाडी सोडायची असेल तर तो पुढच्या स्टेशनाकडे लाईन क्लिअर मागतो. तिकडून होकार आला तरच स्टार्टर सिग्नल देता येतो. समोरून गाडी निघालेली असेल तर होकार येणारच नाही, यंत्रच ते होऊ देत नाही.

समजा तुमची पॅसेंजर स्टेशनात येऊन थांबली, आणि बरोबर त्याच मिनिटाला समोरची एक्स्प्रेस पुढच्या स्टेशनातून सुटली. मधलं अंतर आठ किलोमीटर धरा. एक्स्प्रेसला यायला सात-आठ मिनिटं. ती पूर्ण आत आली, शेवटच्या डब्याची पाटी बघून गाडी सबंध आल्याची खात्री झाली, टप्पा मोकळा झाल्याचं पलीकडे कळवलं, तुमच्यासाठी नवा लाईन क्लिअर घेतला, सांधे फिरवले, सिग्नल दिला. ही आणखी दोन-तीन मिनिटं. तोवर तुम्ही उभेच. शिवाय जी गाडी थांबणार तिला लूप लाईनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेतात, आणि लूपमध्ये शिरताना-निघताना वेग ताशी तीसवर, काही सांध्यांवर पंधरावर आणावा लागतो. वेग कमी करण्यात आणि पुन्हा धरण्यात दोन मिनिटं गेलीच. म्हणजे लोक ज्याला ‘दोन मिनिटांची क्रॉसिंग’ म्हणतात ती नशीब चांगलं असेल तर पाच मिनिटांची आणि नसेल तर बारा-तेरा मिनिटांची पडते.

याच्या पुढची गोष्ट जास्त जाचक आहे. क्रॉसिंगचं ठिकाण वेळापत्रकात ठरलेलं असतं ते दोन्ही गाड्या वेळेवर आहेत असं धरून. एक्स्प्रेस वीस मिनिटं उशिरा असली की प्रश्न उभा राहतो: पॅसेंजरला इथेच धरायचं की पुढच्या स्टेशनापर्यंत रेटायचं? हे स्टेशनमास्तर ठरवत नाही, पुण्यात बसलेला कंट्रोलर ठरवतो. त्याच्यापुढे असतो वेळ-अंतराचा तक्ता, आणि त्या तक्त्यावर लांबच्या गाडीचं वजन जास्त. पॅसेंजरमध्ये सातच्या पाळीचे दीडशे लोक आहेत हे तक्त्यावर कुठे दिसणार? खिडकीतून स्टेशनमास्तरच्या नावाने ओरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की त्या बिचाऱ्याच्या हातात सिग्नलचं बटण असतं, निर्णय नसतो.

विजेच्या तारेने काय झालं? गाडी वेग लवकर धरते, धूर गेला. पण समोरच्या गाडीची वाट बघत उभं राहायचं ते डिझेलवर असो की विजेवर, सारखंच. एकेरी रुळावर इंजिनाच्या ताकदीपेक्षा समोरच्या गाडीचा वक्तशीरपणा महत्त्वाचा.

फलाटाची उंची हा विषय हसण्यावारी नेला जातो. उंच फलाट म्हणजे रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर. डब्याची जमीन मात्र सव्वा मीटरच्या वर. म्हणजे उंच फलाटावरूनही एक चढ राहतोच. आणि गाडी लांब, फलाट आखूड असला की टोकाच्या डब्यातल्यांना सरळ खडीवर उतरावं लागतं, चार फुटांवरून, हातात डबा आणि खांद्याला पिशवी घेऊन. लहान स्टेशनावर थांबा एक-दोन मिनिटांचा. दारात चाळीस माणसं असतील आणि प्रत्येकाला दोन सेकंद लागले तर ऐंशी सेकंद गेले, चढणारे अजून खालीच. अशा वेळी कुणीतरी साखळी ओढतो. साखळी ओढली की ब्रेकच्या पाइपातली हवा निघून जाते. कुठल्या डब्यातून ओढली ते शोधायचं, तिथली झडप पूर्ववत करायची, मग पाइपात पुन्हा दाब भरायचा. गाडी तिथेच पाच-दहा मिनिटं खाते, आणि मघाचं क्रॉसिंगचं गणित सगळं नव्याने मांडावं लागतं. चाळिसाव्या माणसाला उतरायला मिळतं आणि पुढच्या तीन स्टेशनांवरचे दोनशेजण उशिरा पोचतात.

रोजचा माणूस म्हणूनच डबा ठरवून बसतो. बाहेर पडायच्या वाटेसमोर कुठला डबा येतो हे त्याला पाठ असतं, कारण गाडीतून उतरल्यावर खरी शर्यत वडापची. कोल्हापूर-सांगलीकडे शेअर रिक्षा-जीपला वडाप म्हणतात, ‘भरली की सुटली’ हा त्याचा एकमेव नियम. गाडीतून शंभर माणसं उतरली आणि बाहेर सहा वडाप उभ्या असल्या, एकेकीत दाटीवाटीने आठ जरी कोंबले, तरी पहिल्या फेरीत अठ्ठेचाळीस सुटले. उरलेल्यांना त्याच वडापा परत येईपर्यंत थांबायचं: आठ किलोमीटर जायचं, माणसं उतरवायची, आठ किलोमीटर यायचं, पाऊण तास धरा. पहिल्या डब्यातला आणि शेवटच्या डब्यातला, दोघांचा पास एकाच पैशांचा. एक पावणेआठला मागापाशी असतो, दुसरा साडेआठला.

साडेआठला पोचलेल्याचं काय होतं, तेही बघायला हवं. यंत्रमागाच्या पाळ्या बारा तासांच्या. पाळी बदलली तरी माग चालूच असतात, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातात. मजुरी पिकावर. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारी नळी, आणि पिक म्हणजे त्याची एक धाव, एक आडवा धागा. इंचाला ५२ पिक असलेल्या कापडाला मीटरमागे इतके पैसे, असा दर ठरतो. तुम्ही आला नाहीत तर तुमचे चार-सहा माग एकतर बंद राहतात, नाहीतर आधीच्या पाळीचा माणूस थांबून चालवतो. बंद राहिले तर मीटर गेले आणि मजुरीही गेली. तो थांबला तर रात्रभर उभा राहिलेला माणूस आणखी अर्धा तास उभा, आणि त्याची परतीची गाडी चुकली. सकाळी एका पॅसेंजरला झालेला उशीर असा गावातून फिरून उलट्या दिशेने स्टेशनावर परत येतो. खर्चीवाल्या मालकाचंही यात नुकसानच. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा तो, त्याला व्यापाऱ्याची तारीख पाळायची असते. फाउंड्रीत वेगळं आहे. वर्षानुवर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतली वीज सवलतीत मिळायची, म्हणून भट्ट्या रात्री पेटवायची रीत पडली. भट्टीतलं लोखंड तयार झालं की ओतणारे हात जागेवर लागतात, कारण वितळलेला रस थांबवून ठेवायचा तर नुसती वीज जळते. या रात्रपाळीला सोयीची गाडी कधीच नव्हती. फाउंड्रीतले लोक मोटारसायकलीकडे आधी वळले ते उगाच नाही.

मोटारसायकलीचा हिशोब करून बघा. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, लिटरला ५० जाते असं धरलं तर रोज ८०० मिलिलिटर, महिन्याच्या पंचवीस दिवसांना २० लिटर. शंभराच्या पुढच्या भावाने दोन हजारांवर. एवढ्या अंतराचा रेल्वेचा मासिक पास याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पडतो. तरी माणूस पेट्रोल जाळतो, कारण मोटारसायकल क्रॉसिंगला थांबत नाही आणि शेवटच्या आठ किलोमीटरसाठी हात पसरायला लावत नाही. पासाबरोबर वडापचे दोन वेळचे पैसे महिनाभर जोडले की स्वस्ताईचा डौल बराच उतरतो. माझं मत विचाराल तर इचलकरंजीपर्यंत रूळ न्यायच्या आधी, गाडी आली की फलाटाबाहेर दोन एसटी उभ्या आणि गाडी लेट असेल तर एसटीही थांबून, एवढं केलं तरी निम्मं काम होईल. पण त्यात कोनशिला बसवायला जागा नाही.

पासाबद्दल चार गोष्टी, कारण दंड भरणारे बहुतेक इथेच चुकतात. तिमाही पासाला तीन महिन्यांचे पैसे लागत नाहीत, मासिकाच्या २.७ पट लागतात. पास कॅलेंडरच्या महिन्यावर चालत नाही, काढल्या तारखेपासून चालतो. म्हणून एक तारखेला एका खिडकीपुढे रांग लावून गाडी चुकवण्यात अर्थ नाही, पगार झाल्यावर मधल्या कुठल्याही दिवशी काढावा. सुपरफास्ट गाडीला नुसता पास चालत नाही, वेगळा अधिभार भरावा लागतो, आणि आरक्षित डब्यात पास दाखवून बसता येत नाही. सगळ्यात फसवी गोष्ट शेवटच्या दिवसाची: पास त्या दिवशी मध्यरात्री संपतो. दुपारपाळीवाला अकराला सुटून स्टेशनात पोचला आणि गाडी बाराच्या पुढे आली, तर जाताना पासवाला असलेला माणूस येताना विनातिकीट ठरतो. मोबाईलवर पास काढणाऱ्यांनी बॅटरीचंही बघावं. बारा तासांच्या पाळीनंतर फोन बंद पडलेला असतो, आणि तपासनिसाला काळा पडदा दाखवून उपयोग नसतो.

आणखी एक खोच. कोल्हापुरातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी सोमवारी असते. रेल्वेची सुट्टी कुठेही रविवारची. गाड्या रद्द करून रुळाची मोठी कामं काढायची तर रविवार बरा, असा रेल्वेचा हिशोब. बाकी मुलखात तो बरोबरही असेल. इथे रविवार हा कामाचा दिवस, आणि सोमवारी पॅसेंजर रिकामी पळते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. वळिवडे आणि रुकडी यांच्यामध्ये पंचगंगा आहे आणि लाईन तिच्यावरून जाते. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पाणी पुलाच्या गर्डरकडे सरकू लागलं की आधी वेगमर्यादा येते, मग वाहतूक थांबते. पाण्याचा लोंढा नुसता खांबांना धडकत नाही, बुडाशी माती उकरून नेतो, आणि वाहत आलेलं झाड गर्डरला आडवं अडकलं तर सगळा दाब पुलावर येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि दिवसचे दिवस बंद राहिला. अशा वेळी नदीच्या अल्याड राहणारा आणि पल्याड काम करणारा यांना रस्ता आणि रूळ दोन्ही एकदमच तुटतात. पाणी ओसरल्यावर लगेच गाडी का सोडत नाहीत, असं लोक चिडून विचारतात. रूळ जागेवर दिसतात, पण खडीखालचा भराव पाणी पिऊन मऊ झालेला असतो. आधी माणसं चालत जाऊन बघतात, मग नुसतं इंजिन सावकाश नेतात, मग गाडी, तीही पहिले काही दिवस रांगत.

इतकं सगळं असूनही रोज गाडीने येणारे आहेतच, आणि त्यातल्या जुन्या खोडांनी वडापवर उपाय शोधलाय: स्टेशनावरची सायकल. घरची वेगळी, ही वेगळी. ही रात्रभर हातकणंगल्यात मुक्कामाला, सकाळी मालक गाडीतून उतरला की त्याच्याबरोबर इचलकरंजीला, संध्याकाळी परत जागेवर. नवी सायकल कुणी ठेवत नाही, चोरीला जाते. जुनी, रंग उडालेली, गिअर नसलेली, पण चेन आणि ब्रेक ठणठणीत. रस्ता सपाट, आठ किलोमीटरला अर्धा तास. टायरमध्ये हवा थोडी जास्तच ठेवायची, कारण उभ्या सायकलीची हवा उतरते आणि पहाटे पंपवाला उघडा नसतो. पिशवीत पान्हा आणि पंक्चरचं साहित्य. चेनला तेल दर आठवड्याला, मागाच्या खात्यात धोट्याच्या पेटीला सोडतात त्यातलंच चार थेंब. पावसाळ्यात सीटवर सुताच्या कोनाची प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालून दोऱ्याने आवळलेली. संध्याकाळच्या गाडीचा भोंगा रुकडीकडून ऐकू आला की मालक तीच पिशवी पुन्हा सीटवर चढवतो, गाठ मारतो, कुलूप ओढून बघतो आणि डब्याच्या जागेकडे चालू लागतो.